निखाऱ्यावरचा हात

राजारामपुरी, कोल्हापूर
७ जानेवारी २०२५

प्रिय इमाम,

बाळासोची तर्री बंद झाली. ही बातमी त्याच्या तोंडची नाही. तो अजून "जरा कमी केलीया" एवढंच सांगत फिरतो. दुजोरा दिला संयोगिता वहिनींनी, काल शिवाजी पेठेतल्या घरी, डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर धरून. डिसेंबरात त्याच्या छातीत दुखलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. आता तो पुन्हा दुकानात बसून मोटारी रिवाइंड करणाऱ्या पोरांवर ओरडतोय, म्हणजे तब्येत ठीक आहे. पण तेल, खोबऱ्याचं वाटण, रश्श्यावर तरंगणारा तो लाल थर, सगळं बंद. कागदावर खाली एक ओळ आहे, 'भाजलेले चालेल.'

तू फोन उचलत नाहीस आणि रस्सा मंडळाचा ग्रुप सोडून तुला दोन वर्षं झाली. म्हणून पत्र. वर्तमानपत्राच्या डेस्कवर जन्म काढल्यावर एवढं कळलंय की फोन न उचलणारा माणूसही आलेलं पाकीट उघडतो. त्या रविवारबद्दल मी काही लिहिणार नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे.

मंडळ बंद पडायच्या बेतात आहे. रस्साच नसेल तर आम्ही दर रविवारी वाघबीळच्या रानात जाऊन करायचं काय? वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, हे घरात दोडका खाऊन बसत्यात आणि तुमच्याबरोबर गेलं की पातेल्यात पळी घालणार. त्यांना विस्तवावरचं दुसरं कायतरी शोधा. न्हायतर रविवार मी बंद करणार. मला नवरा पाहिजे, मंडळ न्हाय."

बाळासो आतून ऐकत होता. म्हणाला, "मंडळ बंद केलंस तर नवराबी न्हाय राहायचा. दोडका खाऊन मरंल."

मला दोघांचंही पटलं, हीच अडचण आहे.

म्हणून ठरलं की जाळीवर भाजायचं. हल्ली त्याला बार्बेक्यू म्हणतात. आमच्यातल्या कोणालाच ते येत नाही. मी म्हटलं, चांगलं पुस्तक आणू. बाळासो म्हणाला, "पुस्तक वाचून कोंबडी? मग कुस्ती पण पोस्टानं शिकूया की." पण नको म्हणाला नाही.

तर प्रश्न असा की असलं पुस्तक निवडताना आधी काय बघावं? तू शाळेत विज्ञान शिकवलंस आणि रविवारी आमचा जाळ सांभाळलास. ही दोन्ही कामं केलेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

अरीबाला आशीर्वाद. मलकापुरात तिचं औषधांचं दुकान कसं चाललंय?

तुझा,
विश्वजित


१४ जानेवारी

प्रिय इमाम,

पुस्तकं तीन मिळाली. इथल्याच पद्मजाताईंच्या दुकानात. तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, तेव्हा निवड माझी मलाच करावी लागणार असं दिसतं.

"तिन्ही घेणार?" ताईंनी विचारलं.

"एकच."

"मग चाळून बघा."

मी म्हटलं, चाळून कळायचं नाही, भाजून बघावं लागेल. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "न्या तिन्ही. ज्याच्यावर डाग पडेल ते तुमचं. दोहोंवर पडला तर दोन्ही तुमची."

पहिलं परदेशी आहे, जाडजूड, साफ केलेल्या कोंबडीएवढं वजन. पानापानावर झाकणाच्या मोठ्या शेगड्या आणि त्यांच्यामागे हसणारी माणसं. प्रत्येक कृती एक बटण फिरवून सुरू होते. आपल्याकडे फिरवायला बटण नाही. शिवाय त्यातले निम्मे पदार्थ तू खाणार नाहीस, उरलेल्यांपैकी निम्मे बाळासो खाणार नाही, आणि बाकीच्यावर इतकं लोणी आहे की डॉक्टर खाऊ देणार नाहीत. तरी मी ते शेवटपर्यंत वाचलं. झाकण कशासाठी, हे मला त्यातून कळलं. झाकण घातलं की जाळीच्या शेगडीची भट्टी होते, वरूनही शेकतं. हे तुला आधीच माहीत असणार.

दुसरं मुंबईचं, गच्चीवरच्या पार्ट्यांसाठी लिहिलेलं. अननसाच्या फोडी, ढोबळी मिरची, पनीर, सगळं काडीला टोचलेलं. मसाला म्हणून बाटलीतले सॉस. मंडळातल्या ज्ञानूला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "ह्यो पदार्थ हाय का हळदीकुंकवाचं वाण?"

तिसरं मराठी. बारीक, बिनफोटोचं, नागपूरकडच्या कुणा बाईंचं. नाव 'जाळी आणि निखारा'. पहिल्या प्रकरणात एकही पदार्थ नाही, नुसता विस्तव. मला हे खटकलं. चार परिच्छेद झाले तरी काय घडलं ते कळत नसेल तर ती बातमी आम्ही कापायचो.

पण त्यात एक गोष्ट आहे आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. बाई म्हणतात, जाळ असेपर्यंत काही भाजू नका. ज्वाळा पूर्ण विझू द्या, कोळशावर राखेचा पांढरा पापुद्रा येऊ द्या, मग ठेवा. रश्श्याला तू बरोबर उलटं करायचास. पातेल्याच्या बुडाला ज्वाळा चाटत राहिली पाहिजे, नाहीतर वाटण तळाला बसतं, असं तूच सांगायचास. मग एकच लाकूड, एकच कोंबडी, आणि नियम उलटा का? पातेलं मध्ये असण्यानं एवढा फरक पडतो? मी दोन दिवस हाच विचार करतोय. शाळेत असतो तर तास संपल्यावर तुझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिलो असतो.

या रविवारी पहिला प्रयोग आहे. तिळगूळ पाठवत नाही, टपालात मुंग्या लागतात.

विश्वजित


२० जानेवारी

प्रिय इमाम,

कोंबडी जळाली. साक्षीदार आम्ही सगळेच.

क्रमानं सांगतो. बाळासोनं शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी जाळी वेल्ड करून आणली होती. "एक जाळी आत, एक भाइर," म्हणत सगळ्यांना दाखवत होता. कोंबडी आणायला ज्ञानूला पाठवलं. दुकानदार आपल्याला इतकी वर्षं ओळखतो की त्यानं विचारलंच नाही, सवयीनं रश्श्याचे बारके तुकडे करून पिशवी हातात दिली. जाळीच्या भोकांतून पहिल्या पाच मिनिटांत निम्मे तुकडे कोळशात गेले. उरलेले मोठे तेवढे वर राहिले.

चुलीपाशी तुझ्या दगडावर बाळासो बसला होता. कोणाला तरी बसावं लागणारच होतं.

पुस्तक माझ्या हातात होतं. मी मोठ्यानं वाचलं, "तळहात जाळीच्या वर वीतभर धरा आणि सावकाश आकडे मोजा. तीनच्या आत काढावा लागला तर आच फार तेज आहे. पाचपर्यंत टिकला तर कोंबडी ठेवा. त्याहून जास्त टिकला तर कोळसा वाढवा."

बाळासोनं हात धरला. मी मोजत होतो. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. चेहऱ्यावर काही नाही. "हाताला कायबी लागंना," तो म्हणाला. "थंड हाय. घाला कोळसा."

घातला.

मग ज्ञानू पुढं झाला. त्याची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली, तुला माहीत आहे. "बाळू, तू सर. हे काय भट्टी म्हणायची?" त्यानं बाळासोपेक्षा जास्त वेळ धरला. मग बाळासोनं परत धरला. बाकीचे मोजायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली. तालमीत जोर मोजायचे तसं चाललं होतं. आणि पुस्तकाप्रमाणे विस्तव प्रत्येक वेळी थंडच निघत होता, त्यामुळे कोळसा वाढत होता.

मग कोंबडी ठेवली. बाहेरून लगेच काळी झाली. फोडून बघितली तर आत गुलाबी. बाळासो म्हणाला, "वरनं डांबर, आतनं जित्ती."

भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. मध्येच बाळासोनं भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "पण ही बुडवायची कशात?" तो आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला म्हातारा दिसला.

परत येताना म्हणाला, "पुढच्या रविवारी पातेलं आणूया. वाटीभर रश्श्यानं काय व्हतंय." मी वहिनींना हे सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

तिसऱ्या पुस्तकावर हळदीच्या बोटांचा डाग पडला आहे. म्हणजे ते आता माझं.

विश्वजित


३० जानेवारी

प्रिय इमाम,

गेल्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. बाळासोचा उजवा तळहात भाजला आहे. परतताना हात खिशात होता, म्हणून मला दिसला नाही, असं मी लिहू शकलो असतो. पण दिसला होता. घरी त्यानं बुलेटचा सायलेन्सर लागला म्हणून सांगितलं. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, सायलेन्सर खाली असतोय. ह्यांनी काय हातावर चालत गाडी चालू केली?" फोड मोठा आहे. पट्टी बांधली आहे. डॉक्टर म्हणतात, नवी कातडी यायला वेळ लागेल.

या सगळ्याचा एक फायदा झाला. पट्टीच्या हातानं पळी धरता येत नाही, त्यामुळे गेला रविवार पातेलं निघालं नाही. पण पट्टी काय, महिनाभरात सुटेल.

म्हणून मी पुस्तक पुन्हा उघडलं. चूक माझ्या सवयीची होती. बातमीत महत्त्वाचं सगळं पहिल्या परिच्छेदात असतं. जागा कमी पडली तर आम्ही खालून कापतो आणि काही बिघडत नाही. त्या दिवशी मी तसंच वाचलं, पहिला परिच्छेद वाचला आणि कामाला लागलो. नागपूरच्या बाई बातमी लिहीत नव्हत्या. तळहाताची खूण सांगून झाल्यावर, पान उलटल्यावर, त्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो:

"हात ज्याचा त्याचा वेगळा. ज्यांचे हात कामानं राठ झाले आहेत त्यांनी ही परीक्षा करू नये, आणि चारचौघांत पैज लावून तर मुळीच करू नये. घरात एकच माणूस ठरवावा. दर वेळी त्याचाच हात. पोळलं की लगेच हात काढणारा आणि पोळलं म्हणून सांगणारा असावा. तो म्हणेल तेव्हाच जाळीवर ठेवावं, आणि त्याच्या विस्तवाला दुसऱ्यानं हात लावू नये."

मी पानाचा कोपरा दुमडला.

त्या रविवारबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो. पण बाईंनी तो विषय काढला, मी नाही. आपल्याकडे नियम पहिल्यापासून होता. कांदा एकाचा, वाटण एकाचं, पळी बाळासोची आणि जाळ तुझा. पातेलं उतू गेलं तरी कुणी लाकडाला हात लावायचा नाही. "मास्तर, जाळ," म्हणायचं आणि थांबायचं. त्या दिवशी बाळासोचे व्याही जेवायला येणार होते, रश्श्याला उकळी येईना, आणि त्यानं तुला न विचारता ओंडका आत ढोसला. वर म्हणाला, "सरका मास्तर. खडू धरून हात मऊ झालाय तुमचा." तू हात धुतलेस, सगळ्यांबरोबर जेवलास, फुंकणी उचललीस आणि गेलास. महिन्याभरात बिऱ्हाड मलकापूरला हललं. तू चिडून उठून गेला असतास तर आम्ही मागे तरी आलो असतो. तू पूर्ण जेवलास, म्हणून आम्हाला कळायला उशीर झाला.

ते पान मी बाळासोला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग पट्टीकडं बघत म्हणाला, "ह्या बाईला आपलं मंडळ कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी सांगितलेलं नाही.

"मास्तरांचा हात पाहिजे हुता," तो म्हणाला. मग लगेच, "आता हे लिवू नगंस त्यास्नी."

लिहिलं आहे.

विश्वजित


८ फेब्रुवारी

प्रिय इमाम,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी दोन वाक्यं, आणि दोन्ही प्रश्न. "कोळसा कुठला? पेटवतं कोण?" मी ते कार्ड संयोगिता वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मास्तर बरं हायत म्हणायचं."

उत्तरं देतो.

कोळसा बाभळीचा. गंगावेशीतून आणला. थोडा ओलसर असावा, कारण सुरुवातीला धूर फार आला. पेटवला बाळासोनं, रॉकेल मिळत नाही म्हणून दुकानातलं थिनर ओतून. तू हे वाचताना डोळे मिटशील हे मला माहीत आहे. पहिल्या कोंबडीला त्या थिनरचाही वास होता, हे मी आधी लिहिलं नव्हतं.

आता माझा प्रश्न, दुसऱ्यांदा विचारतो. जाळ आणि निखारा यांचे नियम उलटे का? तिन्ही पुस्तकं हे करा म्हणून सांगतात, का ते एकही सांगत नाही. ज्ञानूचं म्हणणं, ज्वाळा उडी मारते आणि निखारा बसून असतो. बाळासोचं म्हणणं, ज्वाळेत काजळी असते. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. पद्मजाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी पुस्तकं विकते, वकिली करत नाही." बाकीची दोन मात्र बिनडागाची परत घेतली, पान न् पान तपासून.

मंडळाची बातमी अशी. बाळासोची पट्टी परवा निघाली. लगेच त्यानं पातेलं घासायला काढलं. वहिनींनी ते बोहारणीला देऊन टाकलं, बदल्यात स्टीलचे डबे घेतले. घरात दोन दिवस अबोला होता. मी मध्यस्थीला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एकच संधी हाय भावजी. तेवीस तारखेचा रविवार. मास्तरांचे रोजे त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू हुत्यात, मग सबंध महिना ते यायचे न्हाईत. तेवीसला नीट झालं तर मंडळ चालू. पुन्हा डांबर झालं तर हे त्याच दिवशी कुणाच्यातरी पातेल्यावर जाऊन बसणार, मला म्हाईत हाय. मग मी काय करू?"

तू येशील असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

बाळासो तिथंच होता. नख कुरतडत म्हणाला, "मास्तरांस्नी म्हणावं, मी कांदा चिरतो."

इमाम, हा माणूस आजवर कांद्याच्या बाजूला बसलेला नाही. पळी सोडून त्यानं कधी काही धरलं नाही. त्याला जेवढं म्हणता येतं तेवढं त्यानं म्हटलंय. याच्यापुढं त्याला शब्द येत नाहीत, आणि मी त्याच्या वतीनं घालणार नाही.

विश्वजित


१९ फेब्रुवारी

प्रिय इमाम,

तू येतोयस. अरीबानं काल सकाळी फोनवर सांगितलं आणि दुपारी तुझं कार्डही आलं, म्हणजे बातमीला दोन ठिकाणांहून दुजोरा आहे. अरीबा म्हणाली, "अब्बांनी फुंकणी घासून ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाले, गंज चढला होता." कार्डावर तू लिहिलंयस, "निखाऱ्याचं मला काही कळत नाही. मी जाळाचा माणूस. पुस्तक बघायला येतो. बघून परत जाईन." ठीक आहे. पुस्तक बघायला ये.

खाली तू जे लिहिलंस ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्वाळा जागा बदलत राहते, म्हणून पातेलं लागतं. पातेलं ती उष्णता गोळा करून सगळीकडे सारखी वाटतं. जाळीवर वाटायला मध्ये कुणी नाही, म्हणून विस्तवानंच शांत व्हायला हवं. ज्ञानू म्हणाला, "म्हंजे माझंच बरोबर." बाळासो म्हणाला, "तुझं अर्धं." अर्धा तास त्यावर वाद झाला. कितीतरी दिवसांनी आम्ही जेवणावरून भांडलो.

तयारी अशी आहे. कोंबडीवाल्याकडे यावेळी मी स्वतः उभा राहणार आणि मोठे तुकडे करून घेणार. लिंबू, आलं, लसूण, मिरपूड आणि अगदी थोडा कांदा-लसूण मसाला, पान अठ्ठावीसवरची कृती. तेल बोटाला लागेल तेवढंच. वहिनींनी पुस्तकातलीच एक पातळ चिंचेची आमटी करून डब्यात द्यायचं कबूल केलंय, भाकरी बुडवायला. तर्री नाही, पण रंग लाल आहे. काल एकदा करून पाहिली, तेव्हा बाळासोनं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं नाही. ही चांगली खूण आहे असं वहिनींचं मत.

थिनरचा डबा मी दुकानातून उचलून माझ्याकडे ठेवलाय. तुझा दगड धुतलाय. त्यावर कुणी बसणार नाही, आणि तू हात काढून "आता ठेवा" म्हणेपर्यंत जाळीवर कुणी काही ठेवणार नाही. हे मंडळात एकमतानं ठरलं. बाळासोनं दोन्ही हात वर केले होते, तरी त्याचं मत एकदाच धरलं.

रविवारी सकाळची मलकापूर-कोल्हापूर गाडी धर आणि वाघबीळला उतर. स्टँडवर यायची गरज नाही. थांब्यावर बाळासो असेल. मी येतो म्हणालो होतो, पण त्याला एकट्यालाच यायचं आहे. काय बोलेल ते मला माहीत नाही, आणि माझ्या अंदाजानं त्यालाही अजून माहीत नाही. बहुतेक तुझी पिशवी हिसकावून घेईल आणि बसला उशीर का झाला म्हणून तुलाच विचारेल.

एक सांगायचं राहिलं. तो हात पुढं करील. धर, पण जपून. तळव्याला नुकती नवी कातडी आली आहे, गुलाबी आणि पातळ. साध्या चहाच्या कपानंही त्याला पोळतं, आणि पोळलं की तो आता सांगतो.

विश्वजित